पूल ओलांडला की चढण

माझ्या घरात एक भांडण बरीच वर्षं चालू आहे. ते दोन गेमवरून आहे आणि दोन्ही गेम एकाच मालिकेतले आहेत. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिलला बेथेस्डा नावाची कंपनी आहे, तिची 'द एल्डर स्क्रोल्स' ही मालिका 1994 पासून चालत आली आहे. तिसरा गेम 'मॉरोविंड' 2002 साली आला आणि पाचवा 'स्कायरिम' 11 नोव्हेंबर 2011 रोजी. तलवारी, जादू, देव, राक्षस, एक मोठा मोकळा प्रदेश, आणि त्यात कुठे जायचं, काय करायचं हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर, एवढं दोन्हींत समान आहे.

मोठा माणूस जुन्याची बाजू घेत असेल आणि लहान नव्याची, असा तुमचा अंदाज असेल तर तो चूक आहे. माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असताना मॉरोविंड खेळला आणि आज स्कायरिमचं वकीलपत्र त्याच्याकडे आहे. माझी मुलगी शाळेपासून स्कायरिमवर वाढली, कॉलेजात गेल्यावर मॉरोविंड खेळली, आणि तेव्हापासून नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसासारखी सगळ्यांना उपदेश करत असते. नावं छापू नकोस असं दोघांचंही म्हणणं पडलं, म्हणून इथे ती फक्त मामा आणि भाची. मी स्वतः खेळत नाही, मागे बसून बघते. तरी मधूनमधून तोंड घालणार आहे.

भाची : मामा, स्क्रीनकडे न बघता सांग. रिव्हरवूडहून व्हाइटरनला कसं जायचं?

मामा : सोपं आहे. गावाच्या टोकाचा दगडी पूल ओलांडायचा, नदीच्या कडेकडेने उतरत जायचं. धबधबे संपले की दारूची भट्टी लागते, मग शेतं, मग तबेला, आणि वर शहराचा दरवाजा. झोपेत सांगेन.

भाची : सांगशीलच. तो सगळ्यांचा पहिला रस्ता आहे आणि तेव्हा मॅप रिकामा असतो, म्हणून चालावंच लागतं. आता रिफ्टेनजवळच्या कुठल्याही एका गुहेचा रस्ता सांग.

मामा : तिथे मी मॅपवर क्लिक करून जातो.

भाची : बघ. आणि क्लिक केल्यावर उरलेलं अंतर वरच्या कंपासमधला बाण बघत कापतोस. मॉरोविंडमध्ये मला आर्कएनथँडला जायचं होतं, तर बालमोरातल्या माणसाने काय सांगितलं? शहराच्या दक्षिणेकडून बाहेर पड, पूल ओलांडून मूनमॉथ किल्ल्याकडे जा, किल्ल्याच्या पूर्वेला ड्वेमर लोकांचा जुना पूल दिसेल, तो ओलांडला की चढण आहे, दार बंद असेल, पण जवळच्या नळीवर एक दांडा आहे तो फिरव. गावाकडे वाट विचारली की पारावरचा माणूस सांगतो ना, अगदी तसं. मग मी खरंच तो पूल शोधत बसते. ती दरी, ती राख, ती चढण माझ्या लक्षात राहते.

मामा : आणि आत गेल्यावर?

भाची : आत गेल्यावर काय?

मामा : आत गेल्यावर तो ड्वेमरांचा कोड्याचा डबा कुठे आहे हे त्याने सांगितलं का? नाही. तो एवढासा चौकोनी डबा एका बाजूच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेला असतो, आणि मुख्य कामगिरी त्यावाचून हलत नाही. किती जण तिथे अडकले असतील, विचार. पारावरच्या माणसाचं म्हणशील तर काही पत्ते चक्क चुकीचे होते, पूर्व म्हणायचे आणि निघायचं पश्चिमेला. वर ती डायरी! सगळ्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक. कामगिरीनुसार लावून बघायची सोय पुढे 'ट्रिब्युनल' ही पुरवणी आली तेव्हा मिळाली. तू ती सोय वापरून मला जुन्या काळाची थोरवी सांगतेस.

इथे मला एक तपशील घालायचा आहे. मॉरोविंडच्या खोक्यात, तो गेम जिथे घडतो त्या बेटाचा कागदी नकाशा यायचा. भावाकडे खोकं नव्हतं. त्याच्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सीडी होती, आणि ती कशी मिळाली याबद्दल तो अजूनही फार बोलत नाही. त्यामुळे त्याने ड्रॉइंगच्या आलेख-कागदावर स्वतः नकाशा काढला होता. मराठी माध्यमातून आलेला मुलगा, गेममधलं जवळजवळ सगळं संभाषण लिहिलेल्या इंग्रजीत, शेजारी शब्दकोश उघडा. मी त्याला पुस्तकासाठी एवढी मेहनत करताना पाहिलं नव्हतं. तोच माणूस आता बाणाची बाजू घेतो, म्हणून त्याचं म्हणणं मी जरा गंभीरपणे ऐकते.

मामा : तुला वाटतं बाण आला तो लोक आळशी झाले म्हणून. कारण वेगळं आहे. मॉरोविंडमध्ये माणसं बहुतेक मजकुरात बोलायची. मजकूर स्वस्त असतो. पत्ता बदलला की दोन ओळी बदल, काम झालं. 2006 मध्ये 'ओब्लिव्हियन' आला आणि सगळे संवाद आवाजात आले. म्हाताऱ्या सम्राटाला पॅट्रिक स्ट्युअर्टचा आवाज, मार्टिनला शॉन बीनचा. आता प्रत्येक वाक्य स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, आणि नंतर गुहा इकडची तिकडे सरकवली तर पुन्हा रेकॉर्ड करायचं. त्यापेक्षा पात्राने एवढंच म्हणावं की तिथे जा, आणि बाणाने दाखवावं. तो बाण पहिल्यांदा ओब्लिव्हियनमध्येच आला.

भाची : म्हणजे पैसे वाचवायला.

मामा : आवाज हवा होता ना लोकांना? त्याची ही किंमत.

भाची : पण ती किंमत भरली कोणी? मी भरली. लोक म्हणतात, नको असेल तर बाण बंद कर. मी करून पाहिलं. बाण बंद केला की स्कायरिममध्ये काही उरतच नाही, कारण गुहा कुठे आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. आणि ती आपोआप तयार होणारी कामं, रेडियंट क्वेस्ट म्हणतात ती, त्यांत तर गेम यादीतून एक जागा उचलतो आणि म्हणतो तिथे जाऊन अमक्याला मार. जी जागा काम देणाऱ्यालाच माहीत नाही तिचा पत्ता तो काय सांगणार?

मामा यावर गप्प बसला. मग त्याने विषय बदलला. हे तो नेहमी करतो.

मामा : बरं, मॉरोविंडमधली मारामारी तुला आवडते?

भाची : …

मामा : सेडा नीनच्या किनाऱ्यावर चिखलातला एक खेकडा. मी सुरी चालवतोय, सुरी त्याच्या पाठीतून आरपार जाताना दिसतेय, आणि गेम म्हणतोय लागलीच नाही. का? तर आत फासे पडतायत, माझं सुरीचं कौशल्य कमी आहे, आणि मी पळत आलो म्हणून दमही संपलाय. डोळ्यांना एक दिसतं आणि हिशोब दुसराच होतो. याचं समर्थन कर.

भाची : नाही करत. ते वाईटच आहे. पुढे.

मामा : पुढे हे, की मला वेळ नाही. ऑफिस, लोकल, घर. रात्री जेवणं झाल्यावर तासभर मिळाला तर मिळाला. त्या तासात मी बालमोराच्या दक्षिणेला पूल शोधत फिरायचं? स्कायरिम मला त्या तासात काहीतरी हातात देतो. एखादी थडग्यांची गुहा, एखादा ड्रॅगन, तलवारीवर एक नवीन मंतर.

भाची : मग त्या तासात तू फुलं का तोडत बसतोस? परवा मी पाहिलं. जगाचा अंत करायला आल्डुइन ड्रॅगन आलाय, आणि ड्रॅगनबॉर्न साहेब निळ्या फुलांच्या मागे डोंगर उतरतायत.

मामा : तेच तर सांगतोय. बाण आहे म्हणून मी भटकू शकतो. परत कसं यायचं याची चिंता नाही. त्या डोंगरापलीकडे काय आहे असं वाटलं की सरळ उठून जातो, कारण परतीची वाट बाण सांभाळतोय. मॉरोविंडमध्ये मी भटकत नव्हतो. मी रस्त्याला चिकटून चालायचो, पाटी सुटली तर रात्र वाया जाईल या भीतीने. डोंगराकडे मान वर करून बघायची चैन मला स्कायरिमने दिली.

हे वाक्य मला फार आवडलं होतं, पण मी त्याच्या मागे बसलेली असते. तो डोंगराकडे बघत नाही. तो स्क्रीनच्या वरच्या काठाकडे बघतो. तिथल्या पट्टीवर, अजून न पाहिलेली जागा जवळ आली की एक छोटी काळी आकृती उमटते, गुहेची, बुरुजाची, छावणीची, आणि भाऊ त्या आकृतीकडे वळतो. बर्फात उभं असलेलं भग्न देऊळ समोर दिसायच्या आधीच त्याला पट्टीवर कळलेलं असतं. अर्थात भाचीचं तरी काय? तिची नजर निम्मा वेळ डायरीत असते. त्या बेटावर सूर्य मावळताना मी पाहिलाय, तिने नाही, ती तेव्हा पुलानंतर डावीकडे की उजवीकडे हे वाचत होती.

भाची : मला खरा राग बाणाचा नाहीच मुळी. स्कायरिम माझी खुशामत करतो, त्याचा आहे. पहिला ड्रॅगन मारला की व्हाइटरनचा यार्ल मला ठाकूर करून टाकतो, घर घ्यायची परवानगी, दिमतीला लिडिया. विंटरहोल्डच्या जादूच्या विद्यापीठात दारावर एक मंत्र म्हणून दाखवायचा की प्रवेश, आणि थोड्या कामगिऱ्यांनंतर मीच कुलगुरू. मला धड ठिणग्या पाडता येत नव्हत्या तेव्हा! शिवाय त्याच आठवड्यात मी चोरांची म्होरकी, मारेकऱ्यांची म्होरकी आणि लढवय्यांचीही म्होरकी. कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

मामा : आणि मॉरोविंडमध्ये?

भाची : मॉरोविंडमध्ये मी कैदी म्हणून जहाजातून उतरते. कचेरीत कागद होतात, एक पुडकं देतात, बालमोरातल्या कायस कोसेड्सला नेऊन दे म्हणतात. मी धापा टाकत पोचते. दार उघडतो एक उघडाबंब म्हातारा. तो पुडकं वाचतो, थोडे पैसे देतो आणि म्हणतो, तू अजून कच्ची आहेस, जा, कुठल्यातरी संघात नोकरी धर, जरा शिकून ये. ज्याच्यावर जगाचं भवितव्य आहे त्याला पहिल्याच भेटीत घरी पाठवतात! मला इतकं हसू आलं. आणि मग भटकायला मी मोकळी, कारण कामगिरीनेच मला भटकायला पाठवलंय. तुझ्या फुलं तोडण्याला स्कायरिममध्ये असं काही कारण आहे का?

मामा : नाही. आल्डुइन थांबतो बिचारा.

भाची : वर संघांत बढती हवी असेल तर कौशल्यं तेवढी वाढलेली लागतात, नाहीतर काम कितीही कर, पद नाही. ह्लालू, रेडोरान, टेल्वानी या तीन घराण्यांपैकी एकाचं मीठ खाल्लं की बाकीची दोन दारं बंद. टेल्वानी जादूगार तर प्रचंड अळंब्यांच्या मनोऱ्यांत राहतात आणि मनोऱ्याला जिनाच नसतो. उडता येत असेल तर वर या, नसेल तर तुमचं आमच्याकडे काही काम नाही. असं घर बांधणाऱ्या माणसाचा स्वभाव वेगळा सांगावा लागतो का? पुढच्या गेममधून उडणंच काढून टाकलं.

मामा : काढलं, कारण ओब्लिव्हियनमध्ये शहरं तटाच्या आत वेगळी लोड व्हायची. उडून तटावरून आत डोकावलीस तर तिथे शहर नसतंच.

भाची : प्रत्येक वेळी तुझ्याकडे कारण तयार असतं. शेवटचं ऐक. मॉरोविंडमध्ये मी कोणालाही मारू शकते. कथेला आवश्यक माणूस मेला तर गेम मला सांगतो की भाकिताचा धागा आता तुटला, जुना सेव्ह उघड किंवा या बिघडलेल्या जगात राहा. दार उघडं ठेवतो. स्कायरिममध्ये असा माणूस गुडघ्यावर बसतो, दम खातो आणि परत उठतो. लहान मुलासमोर खेळण्यातली तलवार ठेवावी तसं मला वागवतात.

मामा : हे सगळं मान्य. तरी एक सांगू? मॉरोविंड तुला अनोळखी वाटतो आणि स्कायरिम ओळखीचा, असं तुम्ही लोक नेहमी म्हणता. राखेची वादळं, अळंब्यांची घरं, प्रवासाला उंटासारखा वापरायचा तो महाकाय किडा, सिल्ट स्ट्रायडर. तर स्कायरिम म्हणजे नेहमीचंच बर्फ, देवदार, दाढीवाले नॉर्ड. नेहमीचं कोणाला? नॉर्वेतल्या माणसाला असेल. मी ठाण्याचा. ज्वालामुखीचा काळा दगड आणि नाकातोंडात जाणारी धूळ बघायला मला गेम कशाला हवा? हाय ह्रॉथगारच्या सात हजार पायऱ्या चढताना वादळात समोरचं दिसेनासं झालं, पांढऱ्याशिवाय काही नाही, तेव्हा मला जे वाटलं ते परकेपण होतं. मे महिन्यात पंखा गरम हवा फेकत होता आणि मी अंगावर चादर ओढली. खरंच ओढली.

ओढली होती. मी साक्षीदार आहे.

मॉरोविंडमधल्या धुक्याबद्दलही दोघांचं पटत नाही. जुन्या कॉम्प्युटरला लांबचं दृश्य झेपत नसे, म्हणून थोड्या अंतरापलीकडे गेम सगळं धुक्यात बुडवायचा. आता चाहत्यांनी 'ओपनएमडब्ल्यू' नावाचं नवं इंजिन लिहिलंय, त्यात धुकं हटवून क्षितिजापर्यंत बघता येतं. हटवलं की ध्यानात येतं, बेट एवढंसं आहे; जिथे पोचायला अख्खी संध्याकाळ जायची ते शहर शेजारच्या टेकडीवरून दिसतं. भाची नवं इंजिन वापरते पण धुकं तसंच ठेवते. मामा म्हणतो, आमच्या हलक्या मशीनच्या दोषाला तू कला म्हणतेस. माझं मत इथे भाचीच्या बाजूचं आहे. आधीचा 'डॅगरफॉल' 1996 चा, त्यात कॉम्प्युटरनेच रचलेली हजारो गावं होती आणि एकासारखं दुसरं. त्यानंतर बेथेस्डाने मुद्दाम लहान बेट घेतलं आणि हाताने सजवलं. लहान जागा मोठी भासवायला आडोसा लागतोच. स्कायरिमवालेही तेच करतात, फक्त धुक्याऐवजी मधे डोंगर उभे करतात.

मामा : तू क्लिफ रेसरबद्दल मात्र कधी बोलत नाहीस.

भाची : नको आठवण काढूस.

मामा : वाचकांना सांगू दे. मॉरोविंडच्या आकाशात लांब शेपटीचा, चामड्याच्या पंखांचा एक पक्षी आहे. तो एकटा येत नाही. एक मारावा तर किंचाळत दुसरा येतो. डोंगरावर दहा पावलं चालू देत नाही. ज्याने मॉरोविंड खेळला त्याने या पक्ष्याला शिव्या दिल्या. आणि कंपनीने काय केलं? ओब्लिव्हियनमध्ये लोकांच्या बोलण्यात येतं की जिऊब नावाच्या माणसाने मॉरोविंडमधून सगळे क्लिफ रेसर हाकलले आणि त्याला संतपद मिळालं.

भाची : जिऊब म्हणजे तोच, जो पहिल्याच दृश्यात कैद्यांच्या जहाजावर आपल्याला उठवतो आणि नाव विचारतो. मग बेपत्ता. स्कायरिमच्या 'डॉनगार्ड' पुरवणीत तो परत भेटतो, मेलेल्या आत्म्यांच्या प्रदेशात, स्वतःच्या आत्मचरित्राची हरवलेली पानं शोधत! खेळणाऱ्यांची तक्रार ऐकून कंपनीने पक्षी कमी केले नाहीत, त्या तक्रारीचा संत केला. हे मला स्कायरिमच्या त्या गुडघ्यात बाण लागलेल्या पहारेकऱ्यापेक्षा कितीतरी मजेशीर वाटतं.

मामा : तो पहारेकरी जगभर पोचला, बाई. टॉड हॉवर्डने 2023 मध्ये सांगितलं की स्कायरिमच्या 6 कोटींहून जास्त प्रती गेल्यात. ज्यांनी कधी गेम उघडला नाही त्यांनाही गुडघा माहीत आहे.

भाची : आणि त्या 6 कोटींतले निम्मे शेवटी अंधारात दबा धरून धनुष्य चालवणारेच होतात. सुरुवातीला म्हणतात जादूगार होणार.

मामा : मी दोनदा जादूगार म्हणून सुरुवात केली. असो.

यापुढचा भाग आला तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. विंडहेल्म हे स्कायरिममधलं जुनं, बर्फाळ शहर. तिथला यार्ल अल्फ्रिक स्टॉर्मक्लोक साम्राज्याविरुद्ध बंड करून उठला आहे. त्याचं म्हणणं, स्कायरिम नॉर्डांचं. शहराच्या दरवाजातून आत शिरल्या शिरल्या दोन नॉर्ड एका डनमर बाईला घेरून धमकावताना दिसतात. डनमर म्हणजे मॉरोविंडचे मूळ रहिवासी, राखाडी कातडीचे, लाल डोळ्यांचे. दोन गेममध्ये कथेनुसार सुमारे दोनशे वर्षं गेली आहेत, रेड माउंटनचा स्फोट होऊन त्यांचा मुलूख उद्ध्वस्त झाला आहे, आणि निर्वासित म्हणून आलेल्यांना विंडहेल्मने एका अरुंद गल्लीत कोंबलं आहे. तिला ग्रे क्वार्टर म्हणतात. सरड्यासारख्या आर्गोनियन हमालांना तर तटाच्या आत यायचीही मुभा नाही, ते बंदरावरच राहतात.

भाची : शाळेत असताना मी अल्फ्रिकच्या बाजूने लढले. बंडखोर, शूर, आपल्या देवासाठी उभा राहिलेला. ते डनमर म्हणजे मला नुसती गर्दी वाटायची. मग मॉरोविंड खेळले आणि परत विंडहेल्मला गेले, तर त्या गल्लीत पाऊल टाकवेना. हे माझे लोक होते. यांच्या अळंब्यांच्या घरांत मी जेवलेय.

मामा : तुझे लोक? मॉरोविंडमध्ये याच लोकांनी तुला उपरी म्हणून तोंडावर दारं आपटली. रस्त्यावर कोणी सरळ बोलायला तयार नव्हतं. आणि मळ्यांवर गुलाम कोण होते? हेच आर्गोनियन आणि मांजरासारखे खजीट. मनगटात कडी घातलेले. मी रात्री जाऊन किल्ल्या चोरून सोडवायचो त्यांना. आता ते डनमर परक्या शहरात तेच ऐकतायत जे त्यांनी एके काळी दुसऱ्यांना ऐकवलं.

भाची : म्हणून त्यांच्या वाट्याला ते यावं?

मामा : असं मी म्हटलं नाही. पण तू एकदम साम्राज्याच्या फौजेत भरती झालीस! गेमच्या सुरुवातीलाच हेल्गनला त्यांनी मला विनाकारण ओंडक्यावर आडवं केलं होतं. ड्रॅगन आला म्हणून मान वाचली. त्यांच्यासाठी मी तलवार उचलणार नाही.

भूमिपुत्र कोण आणि परप्रांतीय कोण, हा वाद मराठी घरात कोणत्याही विषयावरून निघू शकतो. तो ड्रॅगनच्या गेमवरूनही निघावा याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मला गंमत वाटली ती वेगळी. मघापासून खुशामतखोर ठरलेल्या गेममध्ये हे सगळं होतं, कोणी बाण दाखवून त्याकडे नेत नव्हतं, आणि ते नीट दिसायला आधीचा गेम खेळलेला असावा लागत होता.

भाची : सोलस्थाइम बेटावर गेलास ना तू? स्कायरिमच्या 'ड्रॅगनबॉर्न' पुरवणीतलं?

मामा : गेलो म्हणजे! बोटीतून उतरलो तर रेव्हन रॉक. अगं, ते गाव मी वसवलंय.

भाची : हो ना, 'ब्लडमून'मध्ये.

मामा : 2003 ची मॉरोविंडची पुरवणी. तेव्हा तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं. एबनीची खाण सापडली, आणि ईस्ट एम्पायर कंपनीसाठी घरं कुठे बांधायची, दुकान कोणाला द्यायचं, हे मी ठरवलं. प्रत्येक वेळी परत जावं तर एक छप्पर वाढलेलं असायचं. आणि स्कायरिममध्ये बघतो तर खाण आटल्याची बोंब, रस्त्यावर राख, कोट अर्धा गाडलेला, आणि समुद्रापलीकडे रेड माउंटन धूर ओकतोय. वर मागे मॉरोविंडचंच संगीत लागलं. जेरेमी सोलचं. माणसाने किती सहन करायचं?

भाची : मी तर आधी रेव्हन रॉकची ती खाण पुन्हा सुरू करून दिली होती, आणि नंतर मॉरोविंडमध्ये जाऊन ते गाव वसवलं. उलट्या क्रमाने. मला आधीच माहीत होतं त्याचं पुढे काय होणार. तरी मी दुकानासाठी माणूस निवडताना विचार केला.

मामा : कंपनीच्या त्या दोघांपैकी कोणाच्या बाजूने होतीस तिथे? फाल्को की कार्नियस?

भाची : फाल्को, अर्थात. तू?

मामा : कार्नियस पैसे चांगले द्यायचा.

भाची : मामा!

सहाव्या गेमची घोषणा कंपनीने जून 2018 मध्ये केली. डोंगर, किनारा आणि संगीत एवढंच दाखवलं. दोघंही त्याची वाट बघतायत आणि दोघांनाही त्यातून वेगळं हवंय. भाचीची मागणी आहे की बाण ठेवा, पण पत्तेही बोला, म्हणजे बाण बंद करणाऱ्याला काहीतरी उरेल. मामाची मागणी याहून साधी आहे: रात्री तासभर मिळाला तर त्यात काहीतरी घडावं. या दोन मागण्या एका गेममध्ये बसतील असं मला वाटतं, पैसे खर्च करायची तयारी असली तर. दोघांचं खरं घोडं अडलंय ते तिसऱ्याच ठिकाणी.

भाची : पण युद्ध कोण जिंकलं म्हणून दाखवणार ते? तुझ्या गेममध्ये अल्फ्रिक राजा झाला. माझ्या गेममध्ये मी त्याला त्याच्याच सिंहासनासमोर मारलं.

मामा : डॅगरफॉलच्या वेळी हाच घोळ झाला होता. शेवट अनेक होते, एकमेकांशी न जुळणारे. मग पुढच्या गेममधल्या पुस्तकांत त्यांनी लिहून टाकलं की काळच काही दिवस मोडला होता आणि सगळे शेवट एकदम घडले.

भाची : म्हणजे ते म्हणणार, अल्फ्रिक मेलाही आणि राजाही झाला?

मामा : म्हणू देत. माझं सेव्ह मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलंय.